भाकऱ्या लहान होत गेल्या

माझ्या आईला पार्किन्सन्स झालाय हे कळायच्या कितीतरी आधी ती कंजूष झालीय हे आमच्या सगळ्या आळीला कळलं होतं. कसं कळलं, तर भाकरीवरून.

आम्ही काशीदचे आगरी. घरामागच्या नारळांमध्ये दादानं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, पुढं पत्र्याचा मांडव घातला आणि रस्त्यावर ‘घरगुती आगरी जेवण’ अशी पाटी लावली. पाटीवर नाव नव्हतं, पण ते जेवण म्हणजे आई होती. मसाला तिचा, कालवण तिचं, आणि तांदळाची भाकरी तर दुसऱ्या कुणाच्या हातची त्या मांडवात कधी वाढलीच गेली नाही. आमच्याकडे भाकरीनं ताट झाकलं पाहिजे अशी रीत आहे. भाकरीखालून ताटाची कड दिसली तर पाहुणा जड झालाय असा त्याचा अर्थ होतो, आणि पाहुणाही तो अर्थ बरोबर घेतो. आईची भाकरी ताटाबाहेर लोंबायची. मुंबईचे लोक आधी तिचे फोटो काढायचे आणि मग खायचे.

भाकरी थापताना आई बोलायची. बोलायची म्हणजे लोकांना सोलायची. उकड काढलेलं गरम पीठ मळता मळता ती आळीतल्या एकेका घरात शिरायची आणि तिथली अब्रू घेऊन बाहेर यायची. हाताला काही सांगावं लागत नव्हतं. एक हात थापायचा, दुसरा कडेनं भाकरी फिरवायचा आणि वर तोंड चालूच. आळीतल्या बायका तिला घाबरायच्या आणि तरी रोज तिच्या चुलीशी येऊन बसायच्या, कारण आपण तिथं नसलो की विषय आपलाच निघणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, त्या दिवशी मला पाणी देण्याआधी तिनं विचारलं, “त्यानं तुला टाकली, का तू त्याला टाकलास?” मीच टाकलं म्हटल्यावर मग तिनं तांब्या पुढं केला. पुढं मला अलिबागला एका ऑफिसात नोकरी मिळाली. मी रोज स्कूटरवरून जाऊन येऊन करायला लागले आणि घरातच राहिले. ‘आता पुढं काय’ असं आईनं मला कधी विचारलं नाही. तिच्या सगळ्या वाईट स्वभावात एवढी एक गोष्ट मला पुरली.

वहिनीच्या वाट्याला मात्र तेवढंही आलं नाही. वहिनी उरणकडची, शिकलेली, नीट बोलणारी, गोरीपान. एवढी वर्षं ती या घरात आहे, पण आईनं तिला तव्याशी बसू दिलं नव्हतं. मासळी साफ कर, वाटण वाट, ताटं लाव. एकदा पाहुणे फार आले म्हणून वहिनी “मी थापू का दोन भाकऱ्या?” म्हणाली, तर आई भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तुजे हातची भाकरी खाल्ली त पावनं दर्यान जीव देतील.” पाहुणे पोट धरून हसले. वहिनीही हसली. ते हसू मी पाहिलं होतं.

मग भाकऱ्या लहान व्हायला लागल्या.

आधी ताटाची कड दिसली. मग कडेच्या आतला भाग दिसला. पुण्याच्या एका पाहुण्यानं “काकू, ही भाकरी की पुरी?” असं विचारलं आणि दादाचा चेहरा पडला. चुलतीनं बाजारात सांगितलं, म्हातारीला पैशाची चटक लागली, पीठ वाचवते. वहिनी हळूच म्हणाली, “आईंनी हात जरा आखडता घेतलाय.” दादा एका सकाळी पिठाच्या डब्याशी उभा राहून आईला बोलला. आपण पाहुण्यांच्या जिवावर जगतो, आणि तू त्यांना अर्धपोटी उठवतेस, असं बरंच काही बोलला. आई म्हणाली, “पीठ तवराच घेतंय मी.” कुणी विश्वास ठेवला नाही.

ती खरं बोलत होती. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून बघितलं. गोळा पूर्वीएवढाच होता. तो थापताना तिचा हात आधी मोठा फिरायचा, मग लहान, मग आणखी लहान, आणि शेवटी बोटं एकाच जागी टकटक करत राहायची. भाकरी पसरायची थांबायची आणि जाड राहायची. पाहुणे ती मधे कच्ची लागते म्हणायचे तेही त्यामुळंच. रिकामी बसली की तिचा उजवा हात मांडीवर थरथरायचा आणि पिठात घातला की थांबायचा. त्यावरही लोकांनी निकाल देऊन टाकला होता: काम करताना बरा थांबतो हात, बसल्यावरच कसा हलतो? नाटकं सगळी.

अलिबागच्या डॉक्टरबाईंकडे मी तिला नेलं तेव्हा वहिनीही बरोबर आली. तिला बाजारातून काहीतरी घ्यायचं होतं. डॉक्टरबाईंनी आईला उठवलं, चालवलं, बोटं आपटायला लावली, आणि मग कागद पुढं करून काहीतरी लिहा म्हणाल्या. आई म्हणाली, मना लिवता येत न्हाय. बाई जरा अडल्या. या आजारात अक्षर लहान लहान होत जातं, ते मला बघायचं होतं, म्हणाल्या. तेव्हा मी भाकरीचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं: गोळा किती, हात कसा फिरतो, कुठं थांबतो. मग म्हणाल्या, “मी कागदावर शोधत होते तेच हे.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस एखादं काम वर्षानुवर्षं करतो तेव्हा मेंदू ते काम आतल्या एका भागाकडे सोपवून देतो. मग लक्ष द्यावं लागत नाही, हात आपोआप चालतो आणि डोकं दुसरीकडे मोकळं राहतं. आईचा तो भागच आजारी पडलाय. कसब गेलेलं नाही, ते आपोआप बाहेर येणं गेलंय. आता तिला प्रत्येक भाकरी पहिल्यांदाच करतोय अशी, पूर्ण लक्ष देऊन करावी लागेल. नजरेसमोर एखादी खूण असेल तर हात तिथवर पोचेल. आणि एका वेळी एकच काम. काम करताना तिच्याशी बोलू नका, तिला बोलायला लावू नका, बोलली की हात अडणार. “बुद्धी शाबूत आहे बरं का यांची,” बाई शेवटी म्हणाल्या, “सगळं कळतं त्यांना.”

वहिनी सगळं लक्ष देऊन ऐकत होती. माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आईची परात घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. भांड्यांवर नावं घालून देणारा माणूस होता, त्याला म्हटलं, आत एक गोल काढून द्या, ताटाएवढा. नाव काय घालू, त्यानं विचारलं. नाव नको, नुसता गोल. मी वेडी असल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं, पण गोल चांगला काढून दिला.

आईनं परातीत गोळा ठेवला आणि ती त्या रेघेकडं बघत बसली. मग थापायला लागली. हात अडला की रेघ बघायची, पुन्हा ढकलायची. वेळ लागला, कपाळावर घाम आला, पण भाकरी रेघेला जाऊन टेकली. तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. आजारानं आईचा चेहरा तोवर इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता, त्यावर काही उमटत नव्हतं. ती फक्त म्हणाली, “दादाला बोलव.” दादा आला. भाकरी ताटात घातली, तिनं ताट झाकलं. दादा ती बघून मांडवात परत गेला. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही.

पण त्या गोलाची किंमत होती, आणि ती पहिल्याच आठवड्यात कळली. आई बोलली की भाकरी आकसायची. एक वाक्य बोलली तरी हात रेघेच्या अलीकडं थांबून टकटक करायला लागायचा. जन्मभर जिनं हातानं भाकऱ्या आणि तोंडानं माणसं थापली, तिला दोनांतलं एकच काहीतरी ठेवता येणार होतं. तिनं भाकरी ठेवली. चुलीशी बसली की तोंड मिटून घ्यायची. आळीतल्या बायका आल्या, गप्प बसलेल्या आईकडं बघून कंटाळल्या आणि यायच्या बंद झाल्या. आईची जीभ बंद झाली की घराला जरा शांती मिळेल असं मला पूर्वी वाटायचं. तसं काही झालं नाही. उलट घर ओसाड वाटायला लागलं. आणि चुलीपासून उठून ती बोलायला जायची, तेव्हा आवाज पहिल्यासारखा निघायचा नाही. दिवसेंदिवस तो आतच राहायला लागला.

मग वहिनीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली.

फार गोड आवाजात विचारायची. मांडवात पाहुणे बसलेले असायचे, आईनं पहिली भाकरी हाती घेतलेली असायची, आणि वहिनी दारात येऊन उभी राहायची. “आई, हळद संपलीय का हो?” आईच्या तोंडून सवयीनं उत्तर जायचं आणि हात अडायचा. “आई, या लोकांना सुकट चालेल ना?” “आई, पाव्हण्यांना सोलकढी आत्ता देऊ की मागनं?” आठवड्यात भाकऱ्या पुन्हा पुरीएवढ्या झाल्या. वहिनी दादाला सांगायची, “मला बघवत नाही हो. आईंना झेपत नाही आता.” तिला खरंच बघवत नसावं असं वाटावं, इतकं छान सांगायची.

मी तिला गाठलं. म्हटलं, काम करताना बोलायचं नाही असं डॉक्टरबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या ना?

“म्हणजे ताई, मी त्यांच्याशी बोलायचंच नाही का?” वहिनी म्हणाली. “माणूस आहेत त्या. परातीसारखं ठेवून द्यायचं का त्यांना?”

वहिनीनं आईच्या हाताखाली एवढी वर्षं फुकट नव्हती काढली. आई शिवी देऊन जे करायची, ते वहिनी विचारपूस करून करत होती. मला तिचा संताप यायचा आणि पाठोपाठ वाटायचं, हिला शिकवलं कुणी?

आईनं उत्तरं देणं बंद केलं. वहिनी विचारत राहायची, आई रेघेकडं बघत राहायची. तेव्हा वहिनीनं दुसरं सुरू केलं. पाहुण्यांना, चुलतीला, दूध घालायला येणाऱ्या बाईला सांगायला लागली, “विचारलेलं कळत नाही हो आता त्यांना. नुसत्या बघत बसतात.” दादा ते ऐकायचा आणि मान हलवायचा.

आमच्याकडं तिखटाची गौर असते. गौरीला चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी लागते, आणि नैवेद्याची भाकरी घरच्या कर्त्या बाईनंच थापायची असते. ज्या बाईची भाकरी गौरीपुढं, तिची चूल, असं सरळ आहे. त्या वर्षी दादानं आधीच सांगून टाकलं, “या गौरीला बघू. आईला जमलं तर ठीक. नाहीतर यापुढं ही बसेल चुलीशी.” ही म्हणजे वहिनी. आईनं ऐकलं आणि उठून परात घासायला घेतली.

गौरीच्या दिवशी चुलत्या, आत्या, मावशी सगळ्या जमल्या होत्या. आईनं डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी घेतली, ती लागू होईपर्यंत भिंतीला टेकून बसली, आणि मग चुलीशी आली. मी जाळ बघत होते. पहिला गोळा परातीत पडला तशी वहिनी येऊन उभी राहिली. “आई, चिंबोऱ्यांत आमसूल किती घालू?” आई गप्प. “आई, आत्यांना खाली बसवेल ना, की खुर्ची देऊ?” आई गप्प. भाकऱ्या होत होत्या, एकेक रेघेला टेकत होती. आत्या एकमेकींकडं बघायला लागल्या. जाळ लागत होता, आईच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, आणि तिला तो पुसायचाही नव्हता, कारण पुसणं म्हणजे दुसरं काम.

मग वहिनी जरा वाकून म्हणाली, “आई, ताईंचा नवरा परवा पनवेलला भेटला आमच्या भावाला. दुसरी केली म्हणे त्यानं. तुम्हाला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हतं. मी हातात लाकूड धरून बसले होते. त्या माणसाचं मला काही राहिलं नव्हतं, तरी सगळ्या नातेवाइकांसमोर ते ऐकताना कानशिलं तापली. मी आईकडं बघितलं. तिनं बोलायला हवं होतं. वहिनीला फाडून खाईल असं एकच वाक्य, ते तिच्याजवळ असणारच, जन्मभर तिच्याजवळ ते तयार असायचं. आईचा हात थांबला. बोटं एका जागी टकटक करायला लागली. भाकरी रेघेच्या आत होती. आई त्या रेघेकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि हात पुन्हा सरकला. भाकरी गोलाला टेकली. ती एक शब्द बोलली नाही. मला रडू आलं ते नवऱ्यामुळं नव्हतं. तिनं मला सोडून भाकरी धरली म्हणून आलं.

गौरीला नैवेद्य आईच्या भाकरीचा झाला. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “मानलं बुवा.” पुरुषांची पंगत उठली आणि आम्ही बायका बसलो. आई माझ्या शेजारी, तिच्या पलीकडं वहिनी. दादा स्वतः वाढत होता. सगळ्यांची ताटं भाकऱ्यांनी झाकलेली होती, आत्या तोंडभर कौतुक करत होत्या.

आईनं जेवायला सुरुवात केली नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. मग तो थांबला आणि उचलला गेला. हळूहळू, कुणीतरी पाण्याखालून काढावा तसा तो वहिनीच्या ताटाकडं निघाला. वाटेत कुठं हलला नाही की अडला नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं. आत्या म्हणाली, “अगो, सुनंला घास भरवतंय ती.” मोबाईल निघाले. वहिनीही गोंधळली. मला वाटतं, त्या क्षणी तिला मनापासून भरून आलं असावं. तिनं तोंड पुढं केलं.

आईनं वहिनीच्या ताटातली भाकरी धरली. उचलली. कालवण भाकरीवरून ठिबकत होतं, वहिनीच्या नव्या साडीवर पडत होतं. आईनं ती भाकरी तिच्यासमोरून तेवढ्याच सावकाश मागं आणली आणि पाठीमागं ठेवलेल्या खरकट्याच्या टोपात टाकली. आणि मग माझ्याकडं बघितलं.

चुलीशी न दिलेलं उत्तर ते हे होतं. तिनं ते हाताला मोकळीक मिळेपर्यंत राखून ठेवलं होतं.

पुढ्यातलं अन्न काढून घेणं, तेही गौरीच्या दिवशी, भर पंगतीत, याच्यापुढं अपमान नाही. वहिनी रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण ते तेवढंच टिकलं. दादा भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढं आला आणि वहिनीला म्हणाला, “अगं, रडतेस काय? तिला कुठं काय कळतंय? आजारात होतं असं.”

पंगतीनं श्वास सोडला. “हो ना, बिचारी,” चुलती म्हणाली. “डोक्यावर परिणाम झाला म्हणायचा,” मावशी म्हणाली. आत्यानं मोबाईल खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हणाले, “तिला सगळं कळतं. तिनं मुद्दाम केलंय.” सगळ्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. नवऱ्याची ताजी बातमी ऐकलेली बाई, ती काहीही बोलणार. वहिनीनं डोळे पुसले. दादानं वाढलेली भाकरी तिनं ताटात घेतली, आणि मग मोठ्या मनानं आईच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे हं आई. जेवा तुम्ही.”

“उद्यापासून तिला चुलीशी बसवू नका,” दादा म्हणाला आणि वहिनीकडं वळला. “भाजून घेईल कधीतरी. तूच बघ आता.”

आईच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. तिनं तोंड उघडलं, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला आणि म्हणाली, “मना कळतं.”

मी तिला खेटून बसले होते म्हणून मला ऐकू आलं. पंगतीत कालवण मागणं सुरू झालं होतं. आपण ओरडलो असं तिला वाटलं होतं, आणि कोण काय उत्तर देतंय म्हणून ती एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली.